माझा सर्व्हर आणि शनिवारची प्रत

आमच्या ऑफिसात फोनची लाइन एकच होती आणि ती साहेबांच्या केबिनमध्ये होती. इंटरनेटही त्याच लाइनवर. साहेब फोनवर असले की नेट नाही, आणि साहेब तर दिवसभर फोनवरच असायचे. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. नवी मुंबईत, पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत 'वेबसाइट' हा शब्द नुकता ऐकू यायला लागला होता. ज्याला त्याला ती हवी होती, कशाला हवी ते मात्र कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

ऑफिस म्हणजे एका गाळ्याचा पोटमाळा. खाली पत्र्याचे भाग ठोकणारा प्रेस होता. तो सुरू झाला की वर टेबलावरची पेनं सरकायची आणि मॉनिटरवरची अक्षरं थरथरायची. खिडकी उघडावी तर शेजारच्या केमिकल कारखान्याचा वास, बंद ठेवावी तर उकाडा. पोटमाळ्याचे दोन भाग केले होते. मोठा तो हॉल, तिथे आम्ही बाराजणी विम्याचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचो. काचेच्या पार्टिशनपलीकडे तीन खुर्च्या, त्या प्रोग्रॅमर लोकांच्या. त्यातली एक रिकामी झाली होती. मी नेरूळला संध्याकाळच्या क्लासला जाऊन सी भाषा शिकले आहे, ही बातमी साहेबांच्या कानावर मीच घातली होती, आणि तीही तीनदा. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "ठीक आहे, तीन महिने ट्रायल. पंपवाल्यांचं काम करून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर टेन्शन नाही, हॉल आहेच."

टेन्शन नाही म्हणे. त्यांना हॉलमध्ये बसायचं नव्हतं ना. चार वर्षं मी परक्या माणसांची नावं, पत्ते आणि वारसाचं नातं टाइप करत होते. भाजी निवडतानासुद्धा डोळ्यांपुढे रकाने यायचे. मला ती खुर्ची इतकी हवी होती, की सीवूड्सला घरी मी ती मिळाल्याचंच सांगून मोकळी झाले होते.

काम तसं मोठं नव्हतं. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याला वाटत होतं, की त्यांच्या डीलरांनी वेबवर फॉर्म भरून ऑर्डर द्यावी. फॉर्मची पानं आणि भरलेला फॉर्म वाचून उत्तर देणारा एक प्रोग्रॅम, एवढंच. पण ते बरोबर चाललंय की नाही हे बघायचं कसं? आमची पानं राहायची मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीच्या मशीनवर. एक ओळ बदलायची, फ्लॉपीवर घ्यायची, केबिनबाहेर उभं राहायचं, साहेबांचा फोन संपला की आत जायचं, मोडेमचं किंचाळणं ऐकायचं, फाइल चढवायची, आणि मग कळायचं की एक कंस राहिलाय. परत खुर्चीवर. दिवसात अशा तीन खेपा झाल्या तर नशीब. एकदा तर फाइल अर्धी चढलेली असताना साहेबांनी सासुरवाडीला फोन लावला.

मग मी ठरवलं, सर्व्हरच आपण लिहायचा. सर्व्हर करतो तरी काय? ब्राउझर विचारतो, अमुक पान आहे का. सर्व्हर ते काढून देतो. शाळेच्या लायब्ररीत खिडकीवर बसलेल्या बाई करतात तेच. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर असा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवला, की माझ्या मशीनवरून त्याच्याकडे पानं मागायची. फोन नको, मोडेम नको, साहेबही नकोत.

साहेब हसले. "मॅडम, सर्व्हर एवढा मोठा असतो. एसी रूममध्ये ठेवतात. तुम्ही पंपवाल्यांचं बघा."

हसले नाहीत ते फक्त काका. सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले होते, आणि साहेब सोडले तर ऑफिसात सगळ्यांच्या वर होते. दर दिवाळीला साहेब त्यांना वर्षभरासाठी परत ठेवून घ्यायचे. मला 'अगं' म्हणणारे ऑफिसातले ते एकटेच. त्यांनी ते कोपऱ्यातलं मशीन मला दिलं, स्वतःचं जाडजूड मॅन्युअल दिलं, आणि म्हणाले, "कर. पण वेळेत कर."

काकांचे दोन नियम होते. एक, बाहेर पाठवायचा मजकूर प्रोग्रॅमच्या पोटात ठेवायचा नाही, वेगळ्या फाइलीत ठेवायचा. दुसरा म्हणजे शनिवारची प्रत. दर शनिवारी दुपारी आम्ही घरी गेलो, की काका ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवरच्या फाइली रुंद कागदावर छापून काढायचे आणि बॉक्स फाइलीत लावून ठेवायचे. डिस्कचा भरवसा नाही, कागद कुठे जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या ठोके मारत छापणाऱ्या प्रिंटरचा आवाज खालच्या प्रेसलाही लाजवील असा होता.

दोन आठवडे मी त्या सर्व्हरशी झटले. कधी पहिलं पान द्यायचा आणि दुसऱ्याला गप्प बसायचा, कधी मशीनच गोठवायचा. आणि एका गुरुवारी माझ्या स्क्रीनवर पंपाचा फॉर्म आला, पाठोपाठ दुसरं पान, तिसरं पान, आणि मी फॉर्म भरून पाठवला तर 'आपली ऑर्डर मिळाली' असं उत्तरही आलं. मी एकटीच हसत बसले होते. काकांनी येऊन बघितलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पानाच्या आधी तू या चार ओळी पाठवतेस, त्या प्रोग्रॅममध्ये का? वेगळ्या फाइलीत काढ." मी त्याच दिवशी काढल्या आणि हॉलमधल्या प्रिंटरवर छापून तपासल्या. शनिवारी सकाळी सगळं पुन्हा चालवून बघितलं. चोख. पंपवाले बुधवारी येणार होते. सोर्सची, म्हणजे मी लिहिलेल्या मूळ प्रोग्रॅमची, फ्लॉपी मी पर्समध्ये टाकली, कारण मशीनवर ठेवलेलं कोण उघडील याचा नेम नसतो, आणि घरी गेले.

सोमवारी ब्राउझरमध्ये काही नव्हतं. पांढरं पान. एररसुद्धा नाही. एरर आली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

सर्व्हर चालू होता, पान मागितल्याची नोंद होत होती, पान पाठवल्याचीही नोंद होत होती. मी फ्लॉपीवरून प्रोग्रॅम पुन्हा तयार केला. पांढरं. शुक्रवारी चाललेला जुना काढला. तोही पांढरं दाखवू लागला. मग मी दोन मशीनमधली केबल बदलली. मग केबलीचं कार्ड मशीनमधून काढून फुंकर मारली. मग प्रेसवर संशय घेतला आणि खाली जाऊन तिथल्या फोरमनला दहा मिनिटं मशीन बंद ठेवायला सांगितलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी आल्या पावली वर आले. साहेब जाता जाता म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं नाही ना?" मला त्यांना मॅन्युअल फेकून मारावंसं वाटलं. काकांचं होतं म्हणून नाही मारलं.

मंगळवारी मी चाचणीसाठी नवीन पान लिहिलं, तर त्याचा खालचा अर्धा भाग दिसला आणि वरचा गायब. हे तर आणखी विचित्र. मी समजले, पाठवताना अर्धं कुठेतरी गळतंय, आणि पाठवण्याचा सगळा भाग पुन्हा लिहिला. दिवस त्यात गेला. पान अर्धं ते अर्धंच. सर्व्हर काय पाठवतोय तेही मी कागदावर उतरवून घेतलं आणि पेन लावून एकेक अक्षर तपासलं. आधीच्या चार ओळी बरोबर, पान बरोबर, एक कानामात्रा चुकलेला नाही. चार वर्षं फॉर्म चढवलेली नजर ती. जे लिहिलंय ते तपासायचं, रिकाम्या रकान्यावर एंटर मारून पुढे जायचं.

बुधवारी पंपवाले आले. दोघे होते. चहा झाला, प्रेसचा आवाज फार आहे यावर बोलणं झालं, आणि मग सगळे माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. पांढरं पान. त्यातला वयस्कर गृहस्थ सभ्य होता. तो म्हणाला, "लोड व्हायला वेळ लागत असेल." मी हो म्हणाले. दहा मिनिटं आम्ही सगळे पांढऱ्या पानाकडे बघत होतो. साहेबांनी त्यांना शुक्रवारी परत यायला सांगितलं आणि गाडीपर्यंत सोडायला गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुःखाने नाही, रागाने.

गुरुवारी डबा खायला मी हॉलमध्ये जुन्या मैत्रिणीशेजारी बसले. ती पावणे गावातलीच. तिच्या घरची शेतं वसाहतीत गेली होती आणि त्याच जमिनीवरच्या गाळ्यात ती आता फॉर्म चढवत होती. शनिवारी थांबून काकांना प्रिंटरचा कागद लावून द्यायचं काम तिच्याकडे होतं. माझे कागद पुढ्यात पसरलेले बघून तिने एक उचलला.

"यात मदी मोकली जागा कशी नाय? तुज्या गुरवारच्या कागदावर होती."

"कुठे?"

"या चार ओलींच्या खाली. अगो, काका काढतान ना ती. शनवारी पयला तो साफ करायचा प्रोग्रॅम चालवतान, मंग छापतान. कागूद वाचतं."

घास हातातच राहिला. पानाच्या आधीच्या चार ओळी म्हणजे मालाबरोबरची चिठ्ठी असते: पुढे काय येतंय, ते ब्राउझरला सांगणारी. चिठ्ठी संपली, आता माल, हे त्याला कळतं एका रिकाम्या ओळीमुळे. ती नसली की तो सगळं पान चिठ्ठीच समजतो आणि दाखवत काही नाही. माझ्या मंगळवारच्या पानात मधेच एक रिकामी ओळ होती, म्हणून तिच्या खालचं तेवढं दिसलं. उत्तर दोन दिवस नाकासमोर उभं होतं आणि मी केबली बदलत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पण छापताना कागद वाचवायला ओळी गाळल्या, हे मी समजू शकले असते. मशीनवरच्या फाइलीतून का काढल्या? मी तशीच काकांच्या टेबलाशी गेले आणि विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "कागदावर एक आणि डिस्कवर दुसरं, असं चालत नाही. दोन्ही जुळलं पाहिजे. इतकी वर्षं करतोय. रिकाम्या ओळीने कुणाचं काय अडतं?"

माझं अडलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. आवाज जरा चढलाच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं होय. मग तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"काका, माझ्या फाइलीला हात लावण्याआधी तुम्ही विचारायला हवं होतं."

हॉलमधली टकटक थांबली. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मी जागेवर जाऊन फाइल उघडली, चार ओळींखाली एंटरची कळ एकदा दाबली आणि ब्राउझरमध्ये पान मागितलं. पंपाचा फॉर्म आला. आनंद वगैरे काही झाला नाही. चार दिवस आणि एक गिऱ्हाईक, एका एंटरपायी.

शुक्रवारी पंपवाले परत आले. सगळं चाललं. त्यांनी स्वतःच्या हाताने फॉर्म भरला, उत्तर आलं, सभ्य गृहस्थ म्हणाला, "बघा, त्या दिवशी लोडच होत नव्हतं." ते गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काका तिथेच बाजूच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन.

"काम चांगलं झालंय," साहेब म्हणाले. "पण बुधवारी झालं काय नेमकं? त्यांच्यासमोर माझं नाक कापलं गेलं."

मी काकांकडे बघितलं. मग मीच म्हणाले, "माझ्याकडून एक ओळ राहिली होती."

पुढे अनेकांना हा किस्सा सांगताना मी म्हणत आले, की दिवाळी जवळ आली होती, काकांना ठेवायचं की नाही ते ठरायचं होतं, त्यांनी मला शिकवलं होतं, म्हणून मी त्यांचं नाव घेतलं नाही. ऐकणाऱ्याला ते आवडतं. खरं ते तसं नाही. मी दोष अंगावर घेतला तो या खात्रीने, की काका पुढचं वाक्य मला बोलूच देणार नाहीत. मधेच म्हणतील, नाही हो, तिचं नाही, ते माझ्याकडून झालं. मी त्यांना तेवढी जागा करून दिली होती आणि थांबले होते.

काका मांडीवरच्या कागदांच्या कडेची भोकांची पट्टी फाडत होते. एक फाडून झाली, की दुसरी.

"एक ओळ," साहेब म्हणाले. "एका ओळीसाठी मी गिऱ्हाईक परत पाठवलं? मॅडम, असं करू. अजून सहा महिने तुम्ही हॉलमध्येच बसा. जरा हात बसू दे. मग बघू."

मी काकांकडे पुन्हा बघितलं नाही. बरं म्हणाले, बाहेर आले, पार्टिशनपलीकडची पर्स आणि डबा उचलून हॉलमध्ये आले आणि समोरच्या गठ्ठ्यातला पहिला फॉर्म घेतला. त्या दिवसानंतर सकाळी आल्यावर काकांना नमस्कार करणं मी बंद केलं, आणि काकांनी त्याचं कारण कधी विचारलं नाही.