वडीगोद्रीचा बॅटरीवाला

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली मी खताच्या प्रचाराची गाडी चालवायचो. झोपणं, भाकरी, सगळं गाडीतच. तिला दोन बॅटऱ्या होत्या. पुढची इंजिनाची, ती डायनामोवर भरायची. मागची दिव्या-पंख्याची, ती दर आठवड्याला वडीगोद्रीच्या एका दुकानात चार्जिंगला द्यावी लागायची.

तो दुकानवाला बॅटरीला कान लावून आतले बुडबुडे ऐकायचा. मी म्हणायचो, "जल्दी कर."

"जल्दी भरली की प्लेटा जळत्यात, उस्ताद. बसा."

मंग मी दिवसभर बसायचो. बोलणं थोडंच व्हायचं. पण मला दुसरीकडं तेवढंही न्हवतं, आन त्याच्याकडंही कोणी येताना दिसलं न्हाई.

एक दिवस त्यानं न विचारता दोन्ही बॅटऱ्या वायरीनं जोडून मधी खटका बसवला. म्हणाला, "गाडी चालताना खटका खाली करा, डायनामो दोन्ही भरंल. थांबलात की वर करा, म्हंजी दिव्यानं इंजिनाची बॅटरी उतरणार न्हाई. आता हितं यायची गरज न्हाई."

काम बराबर होतं. पण बिनकामाचा कोणाच्या दारात बसणारा माणूस मी न्हवं. दोन महिने नुसता हॉर्न वाजवून पुढं गेलो. मंग एक आठवडा खटका खाली केलाच न्हाई. मागची बॅटरी पार उतरली, तशी घेऊन गेलो.

"तुझा खटका बिघडला," मी म्हणालो.

तो गाडीत चढला, खटका खालीवर करून उतरला. बॅटरी सगळ्यात हळू चार्जिंगला लावली.

"आज व्हायची न्हाई, उस्ताद," तो म्हणाला. "उद्याबी बसावं लागंल."