तिसरी कॉपी खाडीपलीकडे

उद्या प्रलय आला आणि सगळी पृथ्वी बुडाली, तर ती पुन्हा जशीच्या तशी उभी करू शकतील असे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. फक्त पृथ्वीची कॉपी नेमकी कुणाच्या घरी ठेवली आहे हे आठवायला त्यांना थोडा वेळ लागेल, आणि सापडली की तिला सुक्या बांगड्याचा वास येईल. एवढं चालवून घ्यावं लागेल.

मामा शिरोड्याजवळच्या एका काजूच्या कारखान्यात होते. मीही तिथेच हिशेबाच्या टेबलावर होतो. तरुणपणी मामांनी बोटीवर वायरलेस सांभाळला होता. ज्याला बिनतारी यंत्र कळतं त्याला तारेचं तर कळणारच, असा आमच्या मालकांचा हिशेब. त्यामुळे दोन हजार चारच्या सुमाराला कारखान्यात ईमेलचा सर्व्हर आला तेव्हा तो विनाचौकशी मामांच्या ओटीत पडला. सगळ्यांची टपालं या एका पेटीत येऊन पडणार आणि तिथून ज्याच्या त्याच्या टेबलावर जाणार, अशी ती व्यवस्था. पेटीला उकडू नये म्हणून तिच्या खोलीत कारखान्यातला एकुलता एक एसी बसवला. मग हळूहळू त्या खोलीत मालकीणबाईंच्या हापूसच्या पेट्या आल्या, कुणाच्या तरी बारशाचे पेढे आले, आणि दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटून विचार करायला मी येऊ लागलो. मामा कुणाला हाकलत नसत. फक्त चपला बाहेर काढायला लावत.

नको असलेली टपालं अडवण्यासाठी त्यांनी जो बंदोबस्त केला होता त्याचं नाव होतं राखणदार. आमच्याकडे गावाच्या वेशीवर अदृश्य राखणदार असतो आणि वाईटसाईट आत येऊ देत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. मामांनी त्यालाच सर्व्हरवर नेमला. दर अमावास्येला पेटीवर पानाचा विडा आणि एक विडी ठेवली जाई. विडी दुसऱ्या दिवशी नाहीशी झालेली असे, आणि शिपायाच्या अंगाला तिचा वास येत असे, पण त्यावर चर्चा करायची नाही असा अलिखित नियम होता. राखणदाराला पढवलेले नियम मात्र सर्वस्वी मामांचे. "ओळख ना पाळख, आणि पयल्याच पत्रात 'डियर' म्हणता, तो माणूस सरळ आसतलो काय, जावंयबापू?" असं ते मला विचारत. झालं, 'डियर'ने सुरू होणारं पत्र वेशीबाहेर! लॉटरी लागल्याची पत्रं गेली, परदेशी राजपुत्रांची पत्रं गेली, आणि त्यांच्यामागोमाग आमची सगळी परदेशी गिऱ्हाइकंही गेली. आठवडाभर एकही ऑर्डर येईना. मालक हवालदिल झाले. मामा मात्र खूश. "बगलास? कसा शांत शांत वाटता!" शेवटी मालकांनी हात जोडले तेव्हा त्यांनी नियम सैल केला: 'डियर' चालेल, पण त्याच पत्रात औषधाच्या गोळ्या किंवा एखादा मेलेला श्रीमंत काका आला, तर वेशीबाहेर.

काही म्हणजे काहीच पुसायचं नाही, हा त्यांचा दुसरा बाणा. 'उद्या नळाला पाणी नाही' असं चार वर्षांपूर्वीचं पत्रसुद्धा त्यांच्या दप्तरी जमा. मी एकदा माझी जुनी पत्रं काढून टाकतो म्हणालो, तर ते असे बघत राहिले की मीच शरमलो. "आपण नारळाची करवंटी फेकणव नाय," ते म्हणाले, "मगे माणसाचा लिवलेला कित्याक फेकूचा?"

आणि बॅकअप! बॅकअप ही मामांची खरी भक्ती. पावसाळ्याआधी आमच्या घराघरांत आगोटीची बेगमी चालते: सुके मासे, आमसुलं, मसाले, पापड, सगळं डब्यांत भरून ठेवायचं, कारण पुढे समुद्र काही देणार नाही. मामा बारा महिने मेलची आगोट भरत. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्या टपालांच्या सीड्या निघत. एका माणसाचं पहिल्यापासूनचं टपाल एका सीडीवर; एका ताटात दोघांनी जेवू नये, हा नियम तिथेही. सीडी घालण्याआधी सगळ्या कारखान्याला उभं करून देवाला रीतसर गाऱ्हाणं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कारखान्यात जो काय मेल इलो आसा, तो सुखरूप सीडीत उतरू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडायचो.

"कोणी वायरस-बियरस धाडलो आसात, तर तो इल्या वाटेन धाडणाऱ्याच्याच घराक जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि सीडी भरान होयसर लायट जाऊ नये रे म्हाराजा!"

या शेवटच्या ओळीला मालकसुद्धा घसा फोडून ओरडत, कारण लाइट जाण्याच्या बाबतीत आमच्याकडे देवाशिवाय कुणाचं चालत नाही.

सीड्यांच्या तीन कॉपी निघत. एक कारखान्यात, एक मामांच्या घरी, आणि तिसरी खाडीपलीकडे, देवबागला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी. "कारखानो जळलो तर घर आसा, घर बुडला तर देवबाग आसा," असं ते सांगत. देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी. बुडायचं झालं तर पहिलं तेच बुडेल, असं मी सुचवून पाहिलं. पण बहिणीच्या माशाच्या आमटीसाठी महिन्यातून एकदा खाडी ओलांडायला मामांना सरकारी कारण हवं होतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

पण त्यांचं खरं ब्रीदवाक्य वेगळंच होतं. "परत येता तोच बॅकअप. बाकी सगळी अडगळ." म्हणून रोज दुपारी एक वाजता चाचणी होई, आणि चाचणीला मामी लागे. मामी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात येत असे. मामांनी तिच्यासाठी खास एक टपालपेटी उघडली होती. डबा ठेवून ती कॉम्प्युटरसमोर बसायची आणि एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहायची. "बाजूक बसलेल्या माणसाक पत्र कशाक धाडूचा? माका तोंड नाय काय?" अशी कुरकुर चालू असतानाच पत्र पुरं होई: 'बांगड्याचा तिखला आसा. येळार जेवा.' किंवा: 'छत्री इसारलास.' किंवा नुसतंच: 'आज काय सांगूचा नाय.' मामा ते पत्र सीडीवर घेत, मग सर्व्हरवरून मुद्दाम पुसत, सीडीवरून परत आणत आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडत, "इलो गो परत!"

त्यावर मामी डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणे, "गेल्लो खंय तो?"

रोज. रोज हेच. आणि रोज मामा हसत. मला त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे, पण डब्यातला एक तुकडा माझ्याही वाट्याला येत असल्यामुळे मीही हसत असे.

मग एका पावसात मामी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. कारखान्यात परतल्यावर मामांनी सगळं होतं तसं चालू ठेवलं. राखणदाराची विडी चालू, गाऱ्हाणं चालू, सीड्या चालू. फक्त एक वाजताची चाचणी बंद केली. मी विचारलं तर म्हणाले, "नको आता. परत नाय इलो तर?"

पुढच्या मे महिन्यात वळवाच्या गडगडाटात कारखान्यावर वीज पडली. माणसं वाचली, काजू वाचले, सर्व्हर मात्र करपला. शेजारच्या कपाटातली पहिली कॉपी त्याच धगीत वाकून पापड झाली. मालक "माझी पत्रं, माझी पत्रं" करत डोकं धरून बसले. मामा सरळ घरी गेले, मी मागोमाग. घरच्या सीड्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत होत्या. दमट हवेनं त्यांच्यावर बुरशीची झकास नक्षी उठली होती. मामा एकेक सीडी पुसून उजेडात धरत होते. मालकांच्या ऑर्डरींसाठी चाललेली ती धडपड नव्हती, हे मला दिसत होतं.

"देवबाग," एवढंच ते म्हणाले.

होडीतून उतरलो तेव्हा बहिणीचं अंगण लखलखत होतं. खारवलेले बांगडे उन्हात घातले होते आणि त्यांच्यावर सुंभाला बांधून आमच्या कारखान्याचे सगळे बॅकअप वाऱ्यावर गरागरा फिरत होते.

"दादा, हे तुझे गोल आरशे लय कामाक इले मरे!" बहीण कौतुकाने म्हणाली. "एक कावळो फिरकाक नाय!"

मामा वाळूत बसले. "आमचो सगळो पत्रव्यवहार तू सुकत घातलंस गो!"

मी सुंभावरच्या सीड्या उलटसुलट करून नावं वाचू लागलो. मालक होते, मी होतो, शिपाईसुद्धा होता. सगळ्यांना वाळूनं ओरबाडलं होतं. मामीची सीडी नव्हती. तिच्यावर नाव नव्हतंच म्हणा. बायकोचं नाव कसं लिहायचं म्हणून मामांनी तिच्यावर 'घराकडची' असं लिहिलं होतं. मामांनी खाली मान घालून विचारलं, "आणि एक... घराकडची लिवलेली?"

"ती होय?" बहीण आत गेली, ट्रंक उघडली, आणि आपल्या लग्नाच्या शालूच्या घडीतून एक सीडी काढून घेऊन आली. "वयनीची वस्त उन्हात कशी घालूची? चवथीक गणपतीच्या पाठसून लावक ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी नवीन कॉम्प्युटर मांडला. मालकांच्या सीडीवरून निम्मीशिम्मी पत्रं आली. गिऱ्हाइकं आनंदाने काहीतरी कळवत होती, पण काय ते कळत नव्हतं. आश्चर्य म्हणजे त्यावाचून कुणाचं काहीच अडलं नाही. मग मामांनी शालूतली सीडी घातली. गाऱ्हाणं घालायला सांगावं लागलं नाही, आम्ही सगळे चपला काढून आपोआप उभे होतो. पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली. बांगडा आला, छत्री आली, 'आज काय सांगूचा नाय' आलं. एकही पत्र कमी नव्हतं.

"इलो गो परत," मामा हळूच म्हणाले.

मामा थांबले होते. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि जावई मी होतो.

"गेल्लो खंय तो?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण हसले, अगदी पूर्वीसारखे. "खंय नाय, जावंयबापू. थयच होतो. वयनीची वस्त म्हणान नंदेन जपान ठेवल्यान."

आता कारखान्याचं टपाल कुठल्या तरी लांबच्या शहरातली माणसं सांभाळतात. ती गाऱ्हाणं घालत नाहीत, आणि कॉपी कुठे ठेवली विचारलं तर सुरक्षित आहे एवढंच सांगतात. मामा निवृत्त झाले. दर गणेशचतुर्थीला ती सीडी देवबागच्या गणपतीमागे लागते, आणि विसर्जन झालं की मामा ती फडक्यात गुंडाळून खाडी ओलांडून घरी आणतात. मी दारात उभा असतो. त्या वेळी कितीही काम असो, मी हजर राहतो, कारण ते पायरीवर आले की घराकडे बघून तेच जुनं वाक्य म्हणतात, आणि त्याचं उत्तर द्यायला आता घरात दुसरं कुणी नाही.