सामाईक गमबूट

दूध केंद्राच्या कॅन धुण्याच्या विभागात सोळा वर्षं काढलेल्या त्या बाईला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे लवंगी. अंगकाठी एवढीशी, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

त्या विभागात गमबुटांचे बावीस जोड होते आणि ते कुणाचेच नव्हते. आल्यावर फळीवरचा एक जोड उचलायचा, पाळी संपली की तिथेच ठेवायचा. पाळ्या तीन. एकाचे पाय निघाले की दुसऱ्याचे आत. बुटांना वाळायला सवड अशी नव्हतीच.

ताईंच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तेव्हा त्यांनी सगळे करतात तेच केलं. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली आणि ट्यूब कोनाड्यात गेली. पंधरवड्यात चिखल्या दुप्पट जोराने परतल्या. घरात टॉवेल एकच. नातीच्या मानेवर गजकर्णाचं गोल कडं उठलं. तेव्हा मात्र ताई नातीला घेऊन दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. "याने खाज झोपते, बुरशी नाही. ती उलट फोफावते. मी देते ते मलम महिनाभर लावा, बरं दिसलं म्हणून मध्येच थांबू नका. बेचक्या कोरड्या ठेवा. टॉवेल ज्याचा त्याला. आणि ते ओले बूट बंद."

"म्हणजे नोकरीच बंद की!"

"स्वतःचे घ्या. दोन जोड. एक घालायचा, एक वाळवायचा."

ताईंनी दोन जोड घेतले. दुसऱ्या दिवशी मुकादमांनी त्यांना दारातच अडवलं.

"बाहेरचे बूट आत चालत नाहीत ताई. नियम आहे."

"आतली बुरशी माझ्या घरी आलेली चालते, आणि माझे बूट आत आलेले चालत नाहीत?"

"पाय धूत जा जरा. स्वच्छता नको का माणसाला?"

"आठ तास पाण्यात उभी असते मी! आणखी किती धुवू? कॅनमध्ये जाऊन बसू?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमांचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. "फळीवरचे घाला, नाहीतर घरी जा. कायमच्या."

सोळा वर्षांची नोकरी एका वाक्यावर येऊन टेकली. ताईंचा आवाज मात्र तेवढाच राहिला. "जाते. जाण्याआधी एकच काम." त्या पालथ्या कॅनवर बसल्या, बूट-मोजे काढले आणि पाय पुढे केले. बेचक्या पांढऱ्या, भिजून फुगलेल्या, चिरलेल्या. "बघा सगळ्यांनी. आता तुमचे दाखवा."

कुणी हललं नाही. चिखल्या म्हणजे घाणेरड्या माणसाचं दुखणं, असं जो तो मनात धरून बसला होता. मग कॅन उचलणाऱ्या थोराड दादांनी खाली बघत बूट ओढून काढला. त्यांच्या शेजारच्या बाईने काढला. हां हां म्हणता चौदा जण अनवाणी झाले आणि त्यांतल्या नऊ जणांना तेच दुखणं निघालं. "अगं बाई, तुलासुद्धा?" असं जो तो एकमेकांना विचारू लागला.

"मुकादम, आता तुमचा नंबर."

"माझं काय काम?"

"टेबलाखाली रोज एका पायाने दुसरा पाय घासता, ते काय, तबला शिकताय? आणि खिशात ती ट्यूब माझ्याच जातीची दिसते."

मुकादमांनी खिशावर हात ठेवला. बूट काही काढले नाहीत, पण दारातून बाजूला झाले.

नियम बदलला असं कुणीच म्हटलं नाही. आठवड्याभरात पुरेसे नवे जोड आले, भिंतीला खुंट्या लागल्या. रंगाने आकडे घातलेले बूट त्यांवर उलटे टांगून वाळू लागले. ज्याचा आकडा, त्याचेच पाय. एक नंबर ताईंचा.

तीन आठवड्यांनी मुकादम हळूच जवळ आले. "ताई, तुमच्या डॉक्टरीणबाईंचं मलम लागू पडलं. आता थांबवतो."

"थांबवून बघा तर! महिना पुरा करायचा," कॅन घासता घासता ताई म्हणाल्या. "नियम आहे."