तारप्याकडे पाठ

मुलांनो, तुमच्या ईराने नाच, नाटक, गाणं सगळंच करायचं ठरवल्याचं तुमच्या पत्रात वाचलं, त्याच दिवशी माझी जुनी विद्यार्थिनी सुमन डहाणूला भेटायला आली. तिने पिशवीतून वडिलांचा तारपा, ते भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, काढला. वाळलेल्या भोपळ्याचा आणि मेणाचा वास आला, आणि मी शिकवत होते त्या तलासरीच्या शाळेचं पटांगण डोळ्यांपुढे उभं राहिलं.

शहरातल्या नाटकमंडळीचे पाहुणे मुली निवडायला आले होते. सुमनचे वडील मधोमध तारपा वाजवत होते, मुली त्यांच्याकडे तोंड करून फेर धरत होत्या. पाहुण्यांना चेहरे दिसेनात. मी सुमनला म्हटलं, "इकडे तोंड कर, नाहीतर निवड व्हायची नाही."

"तारप्याला पाठ नाय दावत, बाई."

"एकदाच गं."

ती वळली. सूर तिथेच तुटला. वडील मान खाली घालून निघून गेले.

सुमनची निवड झाली. पुढे तिने नाटकं केली, गायली, परदेशात नाच शिकवला. वडिलांनी मात्र तिच्यासमोर पुन्हा तारपा हातात धरला नाही. गेल्या महिन्यात ते वारले.

"तुमीच ठेवा, बाई," ती म्हणाली. "मला घरात बघवत नाय."

तारपा कपाटावर ठेवला आहे. हे पत्र लिहायला बसताना मी खुर्ची त्याच्याकडे फिरवून घेतली.