माझी मॅट मी पुसली तेव्हा

कॉलेजात योगाचा तास संपला की घामाने ओल्या झालेल्या मॅट तिथेच टाकून आम्ही निघायचो. मग एक मावशी यायच्या. फडकं घट्ट पिळून प्रत्येक मॅट दोन्ही बाजूंनी पुसायच्या, कोपरा नाकाशी नेऊन वास घ्यायच्या आणि सावलीतल्या कठड्यावर वाळत घालायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्यांना वाकलेलं बघून मला राहवलं नाही. माझी मॅट मीच पुसायला घेतली. त्यांनी फडकं हिसकावलं.

“अरे शहाण्या, उद्या सगळेच पुसायला लागले तर सर मला कशाला ठेवतील?”

दुसऱ्या दिवशी मी मॅट तशीच टाकली. त्या हसल्या. मी बरोबर वागलो का, कळेना.

माझी आई वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात लादी पुसते. तिला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.