सहधारकाचा रकाना

गेल्या महिन्यात दोन बायका आणि एक तरुण माझ्या दारात सह्या मागायला आले. धुळ्यात अजून एका ठिकाणी सरकारी भाड्याच्या चाळी शिल्लक आहेत. तिथल्या भाडेकरूंना ती घरं विकत मिळावीत, असा अर्ज होता. मी चष्मा लावून अर्ज वाचला आणि सही न करता परत दिला. "मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या," असं त्यातली एक म्हणाली, आणि जिना उतरताना "खडूस आहे म्हातारी" असंही म्हणाली, ऐकू यावं इतक्या मोठ्याने. मला राग आला नाही. एके काळी अशाच सह्यांसाठी मी भर उन्हात दारोदार हिंडले होते आणि सही न करणाऱ्यांना याहून वाईट बोलले होते.

आमचं घर गिरणी कामगारांच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. घर सरकारी मंडळाचं आणि आबा, म्हणजे माझे वडील, तिथले भाडेकरू. गिरणी बंद पडली तरी घर राहिलं, कारण ते गिरणीचं नव्हतं. मी लग्न होऊन चोपड्याला गेले आणि दोन वर्षांत परत आले. का आले ते इथे सांगत नाही. त्या विषयावर वसाहतीतल्या बायकांनी पुरेसा वेळ घालवलेला आहे. त्यानंतर तीस वर्षं मी त्याच घरात काढली. सकाळी बालवाडी, मग स्वयंपाक, आईचं आजारपण, ती गेल्यावर आबांचं सगळं. धाकटा भाऊ शिकला, जळगावला एका कारखान्यात सुपरवायझर झाला, तिथेच त्याने संसार थाटला. तो सणावाराला यायचा.

घर काही राजवाडा नव्हतं. छत गळायचं. मंडळाकडे तक्रार केली की एक माणूस यायचा, वर बघायचा, "बजेट नाही" म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. भिंतीत खिळा ठोकायलाही परवानगी लागायची. म्हणून मंडळाने ही घरं भाडेकरूंना विकायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे. खरं तर मंडळाला आपणहून सुबुद्धी झाली नव्हती. आम्ही दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो, आणि मी सगळ्यांत पुढे होते.

विरोध एकट्या नानांचा. नाना आमच्याच रांगेत राहायचे, जुने युनियनवाले. मीटिंगमध्ये उभे राहून ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "घर सरकारनं शे, तवलगून घरमातलं कोन्ही कोन्हाले भाईर काढाव नही. एकदाव मालक व्हयना, मंग दखजो."

घर सरकारचं आहे तोवर घरातलं कुणी कुणाला बाहेर काढणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "नाना, तुमचं डोकं गिरणीबरोबरच बंद पडलं." सगळे हसले. नानाही हसले आणि खाली बसले. पुढे त्यांनीही घर घेतलंच, सगळ्यांनी घेतल्यावर एकट्याने काय करायचं?

मग फॉर्म आले. चार पानी, सरकारी मराठीतले. माझं अक्षर चांगलं आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दांडगी, त्यामुळे निम्म्या वसाहतीचे फॉर्म माझ्याकडे. दुपारी बालवाडीतून आले की ओट्यावर बसायचं आणि लिहायचं. त्यात एक रकाना होता, 'सहधारकाचे नाव'. म्हणजे घराचा दुसरा मालक. बायको, आई, बहीण, कुणाचंही नाव चाललं असतं; मंडळाच्या बाबूने मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण नाव टाकलं की त्या व्यक्तीचा फोटो, ओळखपत्र, वेगळं शपथपत्र, कचेरीची आणखी एक खेप. पुरुष म्हणायचे, "जाऊ द्या ना अक्का, कशाला कुटाणा?" आणि मी त्या रकान्यात लिहायचे, 'निरंक'. त्यांच्या बायका, आया शेजारीच असायच्या, माझ्यासाठी चहा घेऊन आलेल्या. एकीनेही विचारलं नाही, आणि मीही कुणाला तो रकाना वाचून दाखवला नाही.

आमचा फॉर्म मी शेवटी भरला. उत्पन्नाचा दाखला हवा होता. मला बालवाडीत व्हाउचरवर पगार, त्याचा दाखला मिळत नाही; आबांना काहीच नाही. म्हणून मालक म्हणून भावाचं नाव. आबा खाटेवर पडून ऐकत होते. तो रकाना मी त्यांना मात्र वाचून दाखवला. ते म्हणाले, "तठे तुन्हं नाव लिख ना."

"नको आबा," मी म्हटलं. "लोके म्हनतीन, भाऊना घरमा हिस्सा मांगस."

हे मी म्हटलं, मीच. भाऊ समोर नव्हता, वहिनी नव्हती, कुणी दबाव आणला नव्हता. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईने भावाकडे काही मागायचं नसतं, हे माझ्या हाडांत इतकं भिनलं होतं की बाप देत असतानाही मी हात मागे घेतला. त्यात थोडी मिजासही होती. मला निर्लोभी बहीण म्हणून मिरवायचं होतं. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माझी हरकत नाही, यापुढे मी कोणताही हक्क सांगणार नाही, असं संमतीपत्रही मीच टायपिस्टला तोंडी सांगून करून घेतलं. भावाने रीतीप्रमाणे साडी आणली. चांगली होती साडी, उगाच नावं ठेवणार नाही.

कागद मिळाले त्या दिवशी वसाहतीत पेढे वाटले. महिन्याभरात ओट्यांना ग्रिल लागल्या, भिंतींना रंग लागले. ते सुख खोटं नव्हतं, हेही लिहायला हवं. मी त्या दिवशी कुणालाही न विचारता भिंतीत तीन खिळे ठोकले. त्यातले दोन नुसतेच.

पाच वर्षं घर विकायचं नाही, अशी अट होती. ती संपली आणि वसाहतीत दलाल फिरू लागले. आबा तोवर गेले होते. एक दिवस पलीकडच्या रांगेतल्या काकू माझ्याकडे आल्या. नवरा तरुणपणीच गेलेला, धुणीभांडी करून त्यांनी एकुलता मुलगा वाढवला होता. मुलाने घर विकलं होतं, तो सुरतला निघाला होता आणि आईला शिरपूरला मावशीकडे ठेवणार होता. काकूंच्या हातात घराच्या कागदाची झेरॉक्स होती. त्यांना वाचता येत नव्हतं.

"पोरी, तूच लिखं व्हतं ना? मंग मन्हं नाव कठे शे, दखाड."

मी ती झेरॉक्स चार वेळा उलटीपालटी केली, जणू काही सापडणार होतं. शेवटी सांगितलं, नाही आहे काकू. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घडी करून पदरात बांधला आणि त्या निघून गेल्या. तेव्हाही मला वाटलं, माझा भाऊ तसला नाही.

भाऊ तसला नाहीच. आबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर एका रविवारी तो आला, पोटभर शेवभाजी जेवला आणि म्हणाला, "अक्का, पोराच्या शिक्षणाचं बघायचंय. हे घर विकावं म्हणतो."

"आणि मी?"

तो खरोखर गोंधळला. माझा विचार करून त्याने मला वगळलं नव्हतं. त्याने माझा विचारच केला नव्हता. "तुला एकटीला एवढं घर काय करायचं?" तो म्हणाला. एवढं घर म्हणजे दोन खोल्या. मग मी तोंड सोडलं. आईचं हगणंमुतणं कोणी काढलं, आबांना कोणी भरवलं, तीस वर्षं इथे दिवा कोणी लावला, सगळं काढलं. शेजारी ओट्यावर आले. भाऊ सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "अक्का, सही तर तूच केली होती."

मी वकिलाकडे गेले. त्याने संमतीपत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ताई, इतकं पक्कं मीसुद्धा लिहिलं नसतं." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्या बालवाडीतल्या पोरांना मी शिकवायचे.

घर भाड्याचं होतं तोवर मंडळाच्या वहीत मी 'भाडेकरूच्या कुटुंबातील व्यक्ती' होते. मला काढायचं भावाच्या हातात नव्हतं, कारण घर त्याचंही नव्हतं. वसाहतीला घरं मिळाली, असं सगळे म्हणतात. घरं वसाहतीतल्या पुरुषांना मिळाली, आणि ती वाटायला लेखणी घेऊन मी बसले होते. नानांकडे जाऊन हे कबूल करावं असं फार वाटलं, पण आमचं घर विकलं त्याच उन्हाळ्यात नाना गेले. गेल्या महिन्यातल्या त्या अर्जावर सही करू नये, असंही माझं म्हणणं नाही. लोकांनी गळक्या छताखाली जन्मभर का राहायचं? पण माझा हात पेनाकडे गेला नाही.

निघायच्या दिवशी भाऊ स्वतः टेम्पो घेऊन आला. देवपुरातली ही भाड्याची खोली त्यानेच शोधली. गोदरेजचं कपाट त्याने पाठीवर घेतलं, पंखा लावून दिला, गॅस जोडून दिला, बाजारातून आठवड्याची भाजीही आणून ठेवली. दिवसभर शहरी मराठीत बोलणारा तो, जाताना दारात थांबला आणि लहानपणीच्या बोलीत म्हणाला, "अक्का, मनले लाई लेऊ नको. दरसाल अखाजीले जळगावले येत जाय. चांगली चार दिन ऱ्हाय."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकीबाळी माहेरी येतात, झोके खेळतात आणि चार दिवसांनी आपापल्या घरी परत जातात. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो अगदी मनापासून बोलावत होता.