साहेबांना दिलेला वन्स मोअर

मंदी आली त्या वर्षी आमच्या आखातातल्या ऑफिसात कुणी मोठ्याने हसत नसे. माझं काम इमारतीला किती सिमेंट, किती लोखंड लागेल ते मोजायचं, आणि मरीनातल्या ज्या दोन टॉवरचं मी मोजत होतो ते निम्म्यात थांबलेले. रविवारी, म्हणजे इथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, कपातीची यादी लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाव आलं की व्हिसा खलास, अल बर्शातलं घर खलास, मुलीची शाळा खलास.

आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी साहेबांनी अख्ख्या डिपार्टमेंटला गाणं ऐकायला बोलावलं.

साहेब कॅनडाचे. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या हॉटेलात तळमजल्यावर एक बार होता, तिथे गुरुवारी कंट्री गाण्यांचे दोन बँड वाजवत. दोन बँडच्या मध्ये त्या दिवशी साहेब स्वतः गाणार होते. ईमेलच्या शेवटी सूचना होती : चौकड्यांचा शर्ट आणि हॅट.

"मी जाणार नाही," मी बायकोला सांगितलं. "काम बघून नोकरीवर ठेवायचं तर ठेवा म्हणावं. हॅट घालायला मी इंजिनीअर झालो नाही." आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडिलांची पिठाची गिरणी. मी शिकलो तो कुणाची हांजी हांजी न करता, आणि हे मी चारचौघांत सांगतो.

"ते रविवारी सांगा, यादी लागल्यावर," ती म्हणाली. "जा हो गुपचूप. आणि टाळ्या वाजवा जरा. माझ्या माहेरच्यांकडे बघता तसं बघत बसू नका साहेबांकडे."

मुलीने वहीतून मान वर काढली. "बाबा, आर यू अ काउबॉय नाऊ?"

"रविवारपर्यंत," मी म्हणालो.

बारमध्ये शिरलो तर आमचे सगळे हजर. एरवी पार्टी म्हटली की ज्यांना ताप येतो, तेसुद्धा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा दादरचा ड्राफ्ट्समन पोराच्या फॅन्सी ड्रेसमधली हॅट घालून आला होता. तिचं इलॅस्टिक हनुवटीखाली रुतलेलं.

"हसू नकोस," तो म्हणाला. "काढली तर परत बसणार नाही."

पहिला बँड फिलिपिनो. बूट-बिट घालून, उत्तम गात होते. गाणी सगळी गावाकडची : गाय, गोठा, आईच्या हातचं जेवण, चिखलात रुतलेली गाडी. बाहेर वाळू आणि बारा पदरी रस्ता. एवढ्या हॅटवाल्यांत म्हशीची धार काढता येणारा मी एकटाच असणार, पण मला कोण विचारतो?

मग साहेब उठले. गाणं त्यांनी स्वतः रचलेलं. त्यांच्या गावची नदी, वडिलांनी विकलेला घोडा, सात कडवी. साहेबांचा सूर पहिल्या कडव्यातच सुटला आणि परत काही आला नाही. गाणं संपलं. टाळ्या पडल्या, आमच्या टेबलावर जरा जास्तच जोरात. मला बायकोचे शब्द आठवले. टाळ्या तर सगळेच वाजवत होते. मी काय वेगळं करू?

आमच्या गावच्या जत्रेत नाटक होई. त्यात कुणी पद म्हटलं की ते बरं असो, वाईट असो, वन्स मोअर द्यायचा ही रीत. नट हात जोडतो, फार तर एक ओळ पुन्हा घेतो आणि नाटक पुढे जातं. तसाच मी दिला.

"वन्स मोअर!"

गिरणीच्या घरघरीत वाढलेला माझा आवाज. वेटर दचकला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, छातीवर हात ठेवला, आणि पहिल्या कडव्यापासून गाणं सुरू केलं. सातच्या सात.

"अरे, काय केलंस हे!" ड्राफ्ट्समन कुजबुजला. "त्यांच्यात खरंच गातात!"

दुसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा पलीकडून आमचा कॉन्ट्रॅक्ट्सवाला ओरडला, "वन्स मोअर!" तो केरळचा, त्याला आमची रीत काय माहीत! पण मी पुढे गेलो आणि आपण मागे राहिलो, हे त्याला परवडणारं नव्हतं. तिसऱ्यानंतर तर तीन टेबलांवरून एकदम आवाज आला, आणि त्यात इलॅस्टिकवाला माझा मित्रही होता.

"तू पण?" मी म्हणालो.

"मला दोन पोरं आहेत भावा."

दुसरा बँड गिटार मांडीवर घेऊन ताटकळत बसला होता. बाकीची गिऱ्हाइकं बिल मागत होती. चौथ्या वेळी साहेबांनी स्टूल ओढलं, डोळे मिटले आणि हळू आवाजात गायले. आमचे लोक फोन बघत होते. मी मात्र घोड्याचं कडवं नीट ऐकलं. आमची म्हैस विकली त्या दिवशी वडिलांनी गिरणी बंद ठेवली होती.

रविवारी यादी लागली. माझं नाव नव्हतं. ड्राफ्ट्समनचं नव्हतं. सगळ्यात वर साहेबांचं होतं.

यादी हेड ऑफिसने केली होती. साहेबांना गाण्याच्या आधी, मंगळवारीच कळलेलं. आमचे तिन्ही वन्स मोअर अशा माणसाला गेले होते, ज्याच्या हातात आमचं काहीच नव्हतं.

दुपारी त्यांचं खोकं घेऊन मी बेसमेंटला पार्किंगपर्यंत गेलो. गाडीशी ते थांबले. "आता तुला माझ्याकडून काही मिळायचं नाही. खरं सांग, गाणं कसं होतं?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि आता गरजही नव्हती. "पहिल्यांदा वाईट होतं सर. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा चांगलं झालं."

त्यांनी किल्ली हातात फिरवली. "चौथ्यांदा मला गायचंच नव्हतं," ते म्हणाले. "घसा बसला होता. पण तुम्ही लोक सोडत नव्हता. म्हटलं, तुमच्याकडे नाही म्हणणं हा अपमान असेल."

"नाही सर," मी म्हणालो. "आमच्याकडे नुसते हात जोडतात."

"कसे?"

मी खोकं गाडीच्या टपावर ठेवलं आणि दाखवलं. त्यांनी किल्लीसकट हात जोडले, जरा वाकले, आणि गाडीत बसले.